भुजंगानं काठी का सोडली

लातूर जिल्हा झाला त्याला चार वर्षं होऊन गेली होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. दोन सालं कोरडी गेली आणि तिसऱ्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतली माणसं घराला कडी घालून जिल्ह्याच्या गावी येऊन पडली. मार्केट यार्डामागच्या माळावर ताडपत्र्यांचं एक गावच उभं राहिलं. त्या गावाला नाव नव्हतं आणि पाणी तर नव्हतंच.

जिल्हा झाल्याचा परिणाम महादेवप्पांवरही झाला होता. पूर्वी आपल्या डाळ मिलमध्ये माणूस ठेवायचा तर ते त्याला पोतं उचलायला लावत आणि उचललं की ठेवून घेत. आता त्यांनी कुठल्याशा कचेरीतून एक छापील फॉर्म पैदा केला होता आणि ते रीतसर मुलाखत घेत. फॉर्मवर नाव, गाव, वय आणि सगळ्यात खाली एक रकाना होता : मागील नोकरी सोडण्याचे कारण.

महादेवप्पा वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. मिलच्या फाटकाशी त्यांनी सिमेंटचा हौद बांधला होता. रोज दोन टँकर स्वतःच्या खर्चानं मागवून ते माळावरच्या लोकांना पाणी वाटत. हौदावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पाण्याचा दासोह'. मठात येईल त्याला फुकट जेवू घालतात तो दासोह, तसा हा पाण्याचा. फक्त त्यांचा हात लवकर सुटायचा. मिलमध्ये अप्पांची झापड न खाल्लेला हमाल शोधून सापडला नसता, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. घरच्या मोठ्या माणसानं मारलं तर रागवायचं असतं का?

त्या दिवशी मुलाखती होत्या त्या हौदावरच्या रखवालदाराच्या जागेसाठी. आदल्याच दिवशी रांगेत मारामारी झाली होती. जुन्या रखवालदारानं एका बाईच्या पाठीत काठी घातली आणि तिच्या भावानं पितळी हंडा त्याच्या डोक्यात हाणला. नऊ टाके पडले. हौदाच्या कठड्यावरचं रक्त अजून नीट धुतलं गेलं नव्हतं, कारण धुवायला पाणी कुणी दिलं असतं?

"पुढचा!" महादेवप्पा ओरडले.

वीरण्णा चहा घेऊन आला. हा मिलमधला जुना हमाल, चाळिशीचा, धिप्पाड गडी. कप ठेवताना दोन थेंब फॉर्मवर सांडले. फाडकन आवाज झाला. वीरण्णाच्या गालावर चार बोटं उठली. त्यानं धोतराच्या सोग्यानं फॉर्म पुसला आणि तो निमूट निघून गेला. दारातल्या उमेदवारांनी माना खाली घातल्या.

उंबऱ्याजवळ महादेवप्पांची मोठी बहीण नीलम्मा सुपात डाळ निवडत बसली होती. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच होती आणि मठातल्या जेवणाचा दासोह तीच चालवायची. तिनं मान वर केली, भावाकडे पाहिलं आणि पुन्हा खडे वेचू लागली.

एकामागून एक तीन उमेदवार आले. महादेवप्पांनी तिघांचीही मनगटं दाबून पाहिली. मागची नोकरी का सोडली, या प्रश्नाला तिघांनी एकच उत्तर दिलं. "घरगुती कारण, मालक."

वाचकहो, हसू नका. आपणही कधीतरी हेच लिहून दिलेलं आहे. हे उत्तर फार सोयीचं. मालकानं अपमान केला, साहेबानं हात टाकला, आपण स्वतः शेण खाल्लं, काहीही असो, त्यावर एवढं पांघरूण घातलं की पुढे कुणी विचारत नाही.

चौथा आला तो भुजंग. सत्तावीस वर्षांचा, उंचापुरा, मुखेडच्या पलीकडच्या एका खेड्यातला. त्याची बायको सिंधु माळावर ताडपत्रीखाली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. ही जागा मिळाली नाही तर दोन दिवसांत तिला घेऊन हैद्राबादकडे दगडाच्या खाणीवर जायचं, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं. त्याचा मावसभाऊ शेषेराव नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई होता. त्यानं सकाळीच भुजंगाला पढवून पाठवलं होतं, "जास्त बोलू नको बे. घरगुती कारण म्हण अन् गप बस."

"आधी काय करत होतास?" महादेवप्पांनी विचारलं.

"पाण्याच्या रांगेवर रखवालदार होतो मालक. टँकरच्या गुत्तेदाराकडं."

महादेवप्पांचा चेहरा खुलला. "अरे वा! मग सोडलीस का?"

"घरगुती कारण."

महादेवप्पांनी लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला, "घरात काय झालं होतं रे बाबा?"

भुजंग गोंधळला. शेषेरावानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. दुसरा प्रश्न कुणी विचारील असं त्याला वाटलंच नव्हतं.

"आई आजारी होती का?" आक्कानं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

भुजंग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आक्का, लई वंगाळ हाय. सांगितलं तर नोकरी मिळायची न्हाई."

"आणि नाही सांगितलं तर?"

"झोप मिळत न्हाई," भुजंग म्हणाला, आणि त्यानं सांगायला सुरुवात केली.

त्याच्या गावाकडे रांगेत माणसं उभी राहत नसत. भांडी उभी राहत. पहाटे जो तो आपली घागर, हंडा, डबा ओळीत मांडून ठेवी आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसे. जिथं भांडं, तिथं माणूस. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, हा गावचा शिरस्ता. टँकरचा ठेका घेतलेल्या त्या गुत्तेदारानं भुजंगाला लोखंडी कडी बसवलेली काठी दिली आणि सोबत एक अक्कलही दिली, "माणसाला मारलं की पोलीस येतेत. भांड्याला मारलं की कुणी येत न्हाई."

म्हणून भुजंग भांडी ठोकू लागला. ओळीबाहेर आलं की घाल दणका! महिन्याभरात गावातलं एक भांडं धड राहिलं नाही. बाया तळमळत. माहेरून आलेली, नाव कोरलेली भांडी ती. पण बोलायचं कुणाला? पाणी त्याच्याच हातात.

एक दिवस टँकर अर्धाच भरून आला. लिंबाखाली बातमी पोचायचा अवकाश, तीनशे माणसं एकदम धावली. बायांनी बायांचे केस धरले. एका म्हाताऱ्याला तुडवून लोक पुढे गेले. एकानं दुसऱ्याचा कान दातानं तोडला आणि तोंडात रक्त घेऊन तो नळीला लोंबकळला. भुजंगाच्या अंगात वारं शिरलं. तो डावीउजवीकडे दिसेल ते भांडं ठोकत सुटला. ओळीच्या हातभर पुढे एक पितळी घागर सरकलेली दिसली. त्यानं दोन्ही हातांनी काठी उचलली. मल्लम्मा नावाची एक विधवा तेवढ्यात खाली बसली होती आणि घागर वाचवायला तिनं हात आडवा घातला होता.

"काठी तिच्या मनगटावर बसली आक्का. पण हाडाचा आवाज घागरीच्या आवाजात मिसळून गेला. मला कळलंच न्हाई. म्हनून मी आनखी एक घातला."

सुपातली डाळ थांबली.

"नांदेडच्या दवाखान्यात तिचा हात मनगटापासून काढला. दुसऱ्या दिवशी गुत्तेदारानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हनला, शाबास, आता बघ रांग कशी सरळ लागते. अन् खरंच लागली. तीनशे मानसं, पर कुणी खोकत न्हाई. नुस्ता पाण्याचा आवाज. मला बरं वाटलं मालक. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला लई बरं वाटलं."

"वाटणारच!" महादेवप्पा म्हणाले.

"मग मल्लम्माची घागर तिच्या घरी द्यावी म्हनून धुवाया घेतली. रक्त वाळलं होतं. धुतलं तर खाली नाव कोरलेलं. 'मल्लम्मा हिस आईकडून'. माझा पोचा बरोबर नावावर पडला होता. महिनाभर भांडी ठोकली, पर एकावरचंबी नाव वाचलं नव्हतं मी."

"आणि मग सोडलीस?" आक्कानं हळूच विचारलं.

"न्हाई. तवाबी सोडली न्हाई. सांजच्याला घरी आलो. सिंधु डोक्यावर घागर घेऊन दारात आली. तिला दिवस गेलेले, म्हनून घागर उतरवून घ्यावी म्हनलं अन् हात वर केला." भुजंगानं हात वर करून दाखवला. "तिनं कोपर तोंडापुढं घेतलं. असं. घागर पडली, दिवसाचं पाणी मातीत गेलं. आक्का, मी तिला लगीन झाल्यापासून बोट लावलं न्हाई! मी म्हनलं, अगं मी तर घागर घेत होतो. तर ती म्हनली, कळलंच न्हाई वो मला. त्याच पावली गेलो अन् काठी गुत्तेदाराच्या दारात टाकून आलो. हेच घरगुती कारण."

महादेवप्पांनी टेबलावर थाप मारली.

"असाच गडी पाहिजे मला! बायका भित्र्याच असतात, ते मनावर घेऊ नकोस. तीनशे माणसं गप उभी केलीस, हे सोपं काम आहे का? नोकरी पक्की!" त्यांनी कोपऱ्यातली जाड काठी उचलून त्याच्यापुढे धरली. "घे. आत्ताच टँकर येईल."

भुजंगानं काठीकडे पाहिलं. ताडपत्रीखाली बसलेली सिंधु त्याच्या डोळ्यांपुढे आली. दगडाची खाणही आली. त्यानं हात मागे बांधले.

"काम करतो मालक. काठी घेत न्हाई."

"मग लोकांना काय ओवाळणार आहेस?"

"तम्मा," आक्का म्हणाली. धाकट्या भावाला ती लहानपणापासून तम्माच म्हणायची. "मठातल्या पंगतीत वाढप्यानं कुणाला झापड मारलेली पाहिलीस का कधी?"

"आक्का, पंगतीची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? तिथं भूक, इथं तहान. हौदावर दासोह असं तूच लिहिलंस ना? दासोहात देणारा खाली असतो आणि घेणारा वर. काठी घेऊन उभा राहतो तो देणारा नव्हे, फौजदार. मग तसं लिही की हौदावर!"

"या लोकांना काठीचीच भाषा कळते!"

"दुसरी कधी बोलून बघितलीस?"

महादेवप्पा लालबुंद झाले. बहिणीवर हात टाकता येत नव्हता म्हणून त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "ठीक आहे! दुपारचा टँकर काठीशिवाय वाटून दाखव. रांग मोडली तर चालता हो. जा, कुठं जायचं ते!"

बाहेर भोंगा वाजला.

उन्हानं डांबर पाघळलं होतं. हौदासमोर भांड्यांची लांब ओळ होती आणि आदल्या दिवसाचा राग अजून लोकांच्या अंगात होता. टँकरचा पाइप हौदात पडायच्या आधीच काल हंडा खाल्लेल्या रखवालदाराच्या आणि काठी खाल्लेल्या बाईच्या घरच्यांची गाठ पडली. बघता बघता दगड सुटले. एका बाईनं दुसरीची वेणी हाताला गुंडाळून तिचं डोकं कठड्यावर आपटलं. भुजंग रिकाम्या हातांनी मध्ये शिरला. कुणीतरी फिरवलेल्या पत्र्याच्या डब्याची कड त्याच्या कपाळाला लागली आणि भुवईपासून कानापर्यंत कातडी फाटली. डोळ्यात रक्त उतरलं. तो खाली बसला, पुन्हा उठला. पाठीत लाथ बसली, पुन्हा पडला.

"बघितलंस आक्का? बघितलंस?" महादेवप्पा फाटकातून ओरडले आणि काठी घेऊन स्वतःच गर्दीत घुसले. वेणी धरलेली बाई त्यांच्यासमोर होती. त्यांनी काठी उचलली आणि सगळ्या जोरानं खाली आणली.

काठी बाईला लागली नाही. भुजंगानं आपला उजवा हात आडवा घातला होता, अगदी मल्लम्मानं घातला होता तसाच. हाड मोडल्याचा आवाज या वेळी कुठल्याच भांड्याच्या आवाजात मिसळला नाही. महादेवप्पांना तो स्वच्छ ऐकू आला!

भुजंग ओरडला नाही. लोंबता हात पोटाशी धरून तो वाकला, डाव्या हातानं ओळीतली पहिली घागर उचलली आणि रक्तानं भरलेले डोळे बारीक करून त्यानं तिच्यावरची अक्षरं वाचली.

"शांतम्मा! शांतम्मा कोण हाय? चला माय, तुमचा नंबर आला."

एका बाजूनं एक म्हातारी दचकून म्हणाली, "मी हाय."

"या. धोंडाबाई! धोंडाबाई कोण?"

वेणी धरलेल्या बाईनं मान वर केली. "मीच की." म्हणेपर्यंत तिची मूठ सुटली होती, कारण नंबर गेला असता तर घरी कोरड्या घशानं जावं लागलं असतं. भुजंग एकेक भांडं उचलत गेला, नाव वाचत गेला. ज्या डब्यावर नाव नव्हतं तो उंच धरून विचारी, "हे कोणाचं माय? नाव काय तुमचं?" माळावर आल्यापासून त्या माणसांना कुणी नाव विचारलं नव्हतं. 'ए' आणि 'चल हट' याच नावांनी ती ओळखली जात. आता रक्तानं माखलेला एक अनोळखी माणूस त्यांना आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारत होता, आणि आपलं नाव येईल म्हणून जो तो कान देऊन उभा होता.

अगदी शिस्त आली असं मी म्हणणार नाही. दोघीजणी शेवटपर्यंत एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. पण टँकर रिकामा होईपर्यंत पुन्हा कुणाचा हात उठला नाही.

"नशिबानं निभावलं," महादेवप्पा पुटपुटले. त्यांच्या आवाजात मात्र पहिला ताठा नव्हता. भुजंग कठड्याला टेकून बसला होता. त्याची जखम धुवायला वीरण्णा तांब्याभर पाणी घेऊन धावत आला. आपण मोडलेल्या हाताकडे बघवेना, निदान जखमेवर पाणी तरी आपण घालावं म्हणून महादेवप्पांनी तांब्या घ्यायला हात पुढे केला.

वीरण्णाचं कोपर तोंडापुढे गेलं.

तांब्या खडीवर पडला. पाणी मातीत गेलं. तो धिप्पाड गडी डोळे गच्च मिटून, खांदे आवळून, झापडीची वाट बघत उभा होता.

"अरे... मी तर तांब्या घेत होतो," महादेवप्पा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. हेच वाक्य त्यांनी थोड्या वेळापूर्वी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं!

"वीरण्णा, किती वर्षं झाली तुला इथं?"

"चौदा, अप्पा."

"चौदा वर्षं तू हे असं करतोस?"

"मी करत न्हाई अप्पा, आपोआप जातंय." वीरण्णा ओशाळून हसला. "सवय हाय. माझी पोरगीबी घरी माझ्यासमोर असंच करती."

महादेवप्पा मटकन कठड्यावर बसले. चौदा वर्षांत हे कोपर शेकडो वेळा वर गेलं असेल आणि त्यांना ते एकदाही दिसलं नव्हतं! आपली झापड मिलच्या फाटकात थांबत नाही. ती या माणसासोबत रोज त्याच्या घरी जाते आणि तिथं एका लहान पोरीच्या तोंडावर बसते. म्हणजे त्या पोरीला मारणारा कोण? पाण्याचा दासोह घालणारा हा महादेवप्पाच!

त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, तांब्या स्वतः उचलला, हौदातून भरला आणि दोन्ही हातांनी वीरण्णापुढे धरला. "आधी तू पी. माझं चुकलं, वीरण्णा. लई चुकलं." वीरण्णाला काय करावं कळेना. त्यानं आधी आक्काकडे पाहिलं. आक्कानं पदर डोळ्यांना लावला होता.

भुजंगाला मिलच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. जायच्या आधी महादेवप्पांनी त्याचा अर्धवट राहिलेला फॉर्म काढला आणि शेवटच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'माणसं घाबरू लागली म्हणून.' खाली सही केली. नेमणूक झाली.

आठवड्याभरानं भुजंग प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून हौदावर उभा राहिला. ओळीत एक घागर आली, तिच्यावर 'सिंधु' कोरलेलं होतं. नवऱ्यानं चारचौघांत नाव घ्यावं म्हणजे काय! बाया खिदळल्या, सिंधु पदराआड लाजली. घागर भरली. ती डोक्यावर चढवायला भुजंगानं डावा हात वर केला, धोंडाबाईनं दुसरीकडून आधार दिला. सिंधु सरळ उभी राहिली.

त्यानंतर महादेवप्पांचा हात कधीच उठला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोनदा उठला. दोन्ही वेळा अर्ध्यात थांबला आणि टोपी सारखी करून खाली आला. वीरण्णाचं कोपर मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वर जातच होतं. भीती घालायला एक झापड पुरते. काढायला वर्ष लागतं.

म्हणून मित्रहो, हात जोडून एक सांगणं आहे. धाकानं माणसं सरळ होतात, असं आपल्याला कुणी तरी शिकवलं आणि आपण ते घरात, शाळेत, कारखान्यात चालवत आलो. धाकानं माणसं सरळ होत नाहीत, नुसती गप होतात. समोरचा गप आहे म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. आज घरी गेलात की एवढंच करा. बायकोच्या हातातली पिशवी घ्यायला, पोराच्या डोक्यावरून फिरवायला, गड्याच्या हातचा कप घ्यायला हात पुढे कराल, तेव्हा समोरच्याच्या कोपराकडे बघा. ते जागचं हललं, तर काठी अजून आपल्या हातात आहे.